मनाच्या खात्याची गोपनीयता

आमच्या शाखेत खाते उघडण्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य न चुकता ऐकवते : ‘सही करण्यापूर्वी कृपया वाचून घ्या.’ बँकेत रुजू झाल्यापासून आधी सोलापूर जिल्ह्यात, नंतर पुण्यात आणि गेली तीन वर्षे बंगळुरूत, भाषा बदलली तरी हे वाक्य बदललेले नाही. माझे कन्नड अजून अडखळते. परंतु ज्या मोजक्या वाक्यांत माझे उच्चार कोणी दुरुस्त करीत नाही, त्यांत हे वाक्य आहे. असे असताना मागील उन्हाळ्यात एका रविवारी मी स्वतः एक संमतिपत्र न वाचता मान्य केले आणि तेही माझ्या दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने. प्रस्तुत लेख त्या चुकीतून जन्मला आहे.

घडले ते असे. शहरातील एका मोठ्या मॉलमध्ये संगणकीय खेळांचे प्रदर्शन भरले होते. एका दालनापुढे मुलांची रांग लागली होती. आत गेल्यावर मुलाच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढविण्यात आला आणि कपाळाला एक रुंद पट्टा बांधण्यात आला. खेळ विमानाचा होता. हात मांडीवर ठेवायचे, काहीही दाबायचे नाही. मन एकाग्र झाले की विमान वर जाते, विचलित झाले की खाली येते. मुलगा खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी क्वचितच पाहिलेली शांतता होती. पट्टा सुटताच तो ओरडला, “आई, मी नुसता विचार केला आणि ते वर गेलं!” त्याच्यानंतर मीही बसून पाहिले. माझे विमान धावपट्टी सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी शाखेत तपासणी पथक येणार होते, हे त्या यंत्राला बहुधा कळले असावे!

खेळापूर्वी एका पडद्यावर पाच-सहा परिच्छेदांचा मजकूर आला होता. खाली चौकोन होता. मी नाव, मुलाचे वय आणि ई-मेल पत्ता भरला, चौकोनात खूण केली आणि रांगेतील मागच्या माणसासाठी जागा करून दिली.

तीन आठवड्यांनी एक ई-मेल आला. त्यात मुलाच्या नावाने ‘एकाग्रता गुणांक’ दिला होता. रंगीत पट्टीवर त्याचे स्थान समवयस्कांच्या सरासरीच्या खाली दाखविले होते आणि त्यासाठी बारा आठवड्यांचा सशुल्क अभ्यासक्रम सुचविला होता. मी वाचत असताना मुलगा मागे उभा होता. त्याने विचारले, “आई, म्हणजे माझं डोकं कमी चालतं का?” या प्रश्नाचे उत्तर मी आई म्हणून लगेच दिले. बँक अधिकारी म्हणून मात्र मला काही दिवस वाचन करावे लागले.

शंभर वर्षांची वाटचाल

मेंदूतील पेशी एकमेकींशी विद्युत संकेतांनी बोलतात. मानवी मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी लाखो पेशी एकाच वेळी स्पंदू लागल्या की त्यांचा एकत्रित पडसाद कवटीबाहेर, डोक्याच्या त्वचेवरही उमटतो. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये हा पडसाद प्रथम मानवावर नोंदविला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. अपस्मार अर्थात फेफऱ्याच्या रुग्णांची जी ‘ईईजी’ तपासणी आज जिल्ह्याच्या ठिकाणीही होते, तिचा हा उगम होय. पुढे १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील झाक विदाल यांनी, या लहरींचा उपयोग संगणकाला आज्ञा देण्यासाठी करता येईल काय, असा प्रश्न मांडला आणि या विद्येला ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ हे नाव मिळाले. मराठीत आपण तिला ‘मेंदू-संगणक दुवा’ म्हणू.

या दुव्याचा आणि खेळाचा संबंध जुना आहे. २००० सालाच्या सुमारास स्वीडनमधील एका संशोधन संस्थेने ‘ब्रेनबॉल’ नावाचा खेळ तयार केला. दोन खेळाडू टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि ज्याचे मन अधिक शांत, तो चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे ढकलू शके. जिंकण्याची ईर्षा बाळगणारा हरत असे. मनाला समजाविण्यासाठी समर्थ रामदासांना २०५ श्लोक लिहावे लागले. स्वीडनने त्याच कामासाठी टेबल आणि चेंडू वापरला, असे गमतीने म्हणता येईल. २००९ मध्ये मॅटेल या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने ‘माइंडफ्लेक्स’ बाजारात आणले. त्यात कपाळावरच्या पट्ट्यातील संकेतांनुसार पंख्याचा वेग बदलून हलका चेंडू हवेत वर-खाली होत असे. माझ्या मुलाचे विमान हे त्याच चेंडूचे पुढचे रूप आहे.

दुसरा प्रवाह रुग्णालयातून आला आणि तो अधिक गंभीर आहे. मॅथ्यू नेगल या अमेरिकन तरुणाचे शरीर चाकूहल्ल्यानंतर मानेखाली निकामी झाले होते. २००४ मध्ये त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागात ९६ सूक्ष्म विद्युताग्रे असलेली चकती बसविण्यात आली. केवळ विचाराने त्याने पडद्यावरील बाण हलविला, ई-मेल उघडला आणि ‘पाँग’ हा जुना चेंडूफळीचा खेळ खेळला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने नोलंड आर्बॉ याच्या मेंदूत १,०२४ विद्युताग्रांचे उपकरण बसविले. २०१६ मध्ये पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघाताने तो खांद्याखाली अधू झाला होता. उपकरण बसविल्यावर तो बुद्धिबळ खेळताना जगाने पाहिला. ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ आपण उपकरणाची विद्युतघटी संपेपर्यंत, रात्रभर खेळलो, असे त्याने सांगितले. काही आठवड्यांत त्या उपकरणाचे काही तंतू मेंदूतून मागे सरकले आणि संगणकप्रणालीत सुधारणा करून ते काम सावरावे लागले, हेही नमूद केले पाहिजे. तरीही आठ वर्षे दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असलेल्या माणसाला रात्रभर स्वतःच्या मर्जीने खेळता आले, याचे मोल कोणत्या ताळेबंदात मांडावे?

आश्वासने आणि मर्यादा

वर्तमानपत्रांतील मथळे वाचून असा समज होतो की, येत्या चार-दोन वर्षांत मुले डोळे मिटून खेळू लागतील. वस्तुस्थिती तशी नाही. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा संकेत व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका क्षीण असतो. कवटी त्याला पुसट करते. पापणी मिटली, दात आवळले, मान वळली तरी स्नायूंचे संकेत त्यात मिसळतात. हात हलविण्याची नुसती कल्पना करून यंत्र चालविणे काही जणांना प्रशिक्षणानंतरही साधत नाही. खेळाच्या कळफलकावर फिरणारा अंगठा आजही कोणत्याही पट्ट्यापेक्षा वेगवान आणि बिनचूक आहे.

म्हणूनच उद्योगाने निराळ्या वाटा शोधल्या आहेत. फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटा कंपनीने, २०१९ मध्ये सीटीआरएल-लॅब्ज ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मनगटावर बांधायचा पट्टा चष्म्यासह बाजारात आणला. तो मेंदूकडून हाताकडे आलेल्या आज्ञा मनगटाच्या स्नायूंतील विद्युत संकेतांतून ओळखतो. त्याला मेंदूपर्यंत जावेच लागत नाही. दुसरी वाट व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी जानेवारी २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितली. खेळाडू कंटाळला आहे हे मेंदूच्या संकेतांवरून ओळखून खेळाने स्वतःच काठिण्य वाढवावे, अशी त्यांची कल्पना होती.

माझ्या मते या क्षेत्राचे नजीकचे भविष्य या दुसऱ्या वाटेवर आहे. विचाराने बाण चालविणे कठीण आहे. परंतु खेळणारा उत्तेजित आहे की थकलेला, गुंतलेला आहे की उठण्याच्या बेतात आहे, याचा ढोबळ अंदाज बांधणे त्या मानाने सोपे आहे. पूर्वीच्या खेळात आज्ञा खेळाडूकडून यंत्राकडे जात होती. यापुढे यंत्र खेळाडूचे निरीक्षण करील आणि त्यानुसार स्वतः बदलेल. आभासी वास्तवाच्या चष्म्यात दृष्टी कोठे खिळली हेही मोजता येते. दोन्ही नोंदी एकत्र आल्या की, कोणते दृश्य दाखविल्यावर कोणाचे मन किती हलते, याची खतावणी तयार होते. चांगल्या हातांत या खतावणीतून थकलेल्या मुलाला ‘आता पुरे’ असे सांगणारा खेळ निर्माण होईल. लोभी हातांत तिच्यातूनच असा खेळ निर्माण होईल, जो मूल उठण्याच्या नेमक्या क्षणी नवे आमिष पुढे करील.

हा प्रश्न बंगळुरूचा का आहे?

ज्या शहरात मी हे लिहीत आहे, त्याला या विषयावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे. भारतातील आद्य खेळनिर्मिती संस्थांपैकी एक असलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह राजेश राव यांनी १९९७ मध्ये येथेच स्थापन केली. २०१९ मध्ये ती रॉकस्टार गेम्स या जगप्रसिद्ध कंपनीकडे गेली. होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच ‘निम्हान्स’ आहे. तंत्रज्ञानाच्या अतिवापरातून सुटका हवी असणाऱ्यांसाठी तेथे २०१४ मध्ये ‘शट’ हे चिकित्सालय सुरू झाले; देशातील अशा प्रकारचे ते पहिले होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला स्थान मिळाले, ते वर्गीकरण संमत झाले २०१९ मध्ये आणि लागू झाले २०२२ मध्ये. खेळ घडविणारे हात आणि खेळाने जायबंदी झालेल्या मनांवर फुंकर घालणारे हात एकाच नगरात आहेत.

याहून महत्त्वाचा एक धागा आहे आणि तो बंगळुरू, पुणे आणि दिल्ली यांना जोडतो. निम्हान्समध्ये चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले चंपाडी रामन मुकुंदन यांनी मेंदूच्या विद्युत लहरींवर आधारलेली एक गुन्हेतपास पद्धती विकसित केली. संशयिताच्या डोक्यावर विद्युताग्रांची टोपी चढवायची, त्याला घटनेविषयी वाक्ये ऐकवायची आणि त्या प्रसंगाचा अनुभव त्याच्या स्मृतीत आहे काय, हे लहरींवरून ठरवायचे, अशी ही पद्धती. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेऊन शिक्षा सुनावली, तेव्हा तिची चर्चा जगभर झाली. अनेक शास्त्रज्ञांनी पद्धतीच्या विश्वासार्हतेवर आक्षेप घेतले.

त्यानंतर ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. नार्को चाचणी, असत्यशोधक चाचणी आणि मेंदूलहरींची चाचणी या तिन्ही कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत. तसे करणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होय, असे न्यायालयाने सांगितले. सात वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने घोषित केले. त्या खटल्यातील याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि बंगळुरूचेच रहिवासी होते.

येथे थांबून विचार करावा. खुनाचा संशय असलेल्या माणसाच्या मेंदूवर त्याच्या संमतीवाचून विद्युताग्रे लावण्यास आपल्या देशात पोलिसांना मनाई आहे. संमती घ्यायची झाल्यास ती दंडाधिकाऱ्यासमोर, वकिलाची मदत उपलब्ध करून देऊन नोंदवावी लागते. याउलट माझ्या मुलाच्या मेंदूचे आलेख घेण्यासाठी मॉलमधील एका चौकोनात मी केलेली खूण पुरेशी ठरली. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, ‘संमती’. परंतु पहिल्या संमतीभोवती कायद्याने कुंपण घातले आहे आणि दुसरीच्या मागे रांगेतील लोक उभे आहेत.

बँकेचा धडा

बँक व्यवसायाच्या परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला टूर्नियर खटला आठवत असेल. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तो निकाली काढला. टूर्नियर नावाच्या खातेदाराकडे बँकेची अल्पशी रक्कम थकली होती. त्याचा पत्ता मिळविण्यासाठी शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकांना दूरध्वनी केला आणि बोलता बोलता हा गृहस्थ पैजांच्या नादी लागला असावा, असेही सांगून टाकले. टूर्नियरची नोकरी गेली. न्यायालयाने निर्णय दिला की, खातेदाराची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हितरक्षण आणि खातेदाराची संमती, हे चारच त्याला अपवाद. आपल्याकडे १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याच्या तेराव्या कलमात हीच गोपनीयता लिहिलेली आहे आणि रुजू होताना आपण सर्वांनी त्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली आहे.

टूर्नियरचे प्रकरण मला आज नव्याने महत्त्वाचे वाटते, कारण तेथे प्रश्न खेळाच्या नादाचाच होता. धनादेशावरील एका नावावरून शाखाधिकाऱ्याने माणसाच्या स्वभावाचा अंदाज बांधला आणि तो अंदाज त्रयस्थाला दिला. आता हाच अंदाज कोणी थेट मेंदूच्या आलेखावरून बांधू लागला तर? अमुक व्यक्ती मोहाला लवकर बळी पडते, अमुक व्यक्ती धोका पत्करण्यास उतावीळ असते, असा गुणांक विमा कंपनीच्या, नोकरी देणाऱ्याच्या किंवा आपल्यासारख्या कर्ज देणाऱ्याच्या हाती आला तर? कर्जमंजुरीच्या टेबलावर बसणारी व्यक्ती म्हणून सांगते, असा आकडा समोर आल्यास तो न पाहणे फार कठीण जाईल. म्हणून तो समोर येणारच नाही, अशी व्यवस्था हवी.

ही भीती निराधार नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, जिनिव्हा आणि बर्कली येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या, कोणालाही परवडेल अशा मेंदूलहर-हेडसेटचा त्यांनी उपयोग केला. सहभागी व्यक्तींना पडद्यावर बँकांची कार्डे, आकडे, चेहरे आणि ठिकाणे दाखविण्यात आली. ओळखीची गोष्ट दिसताच सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनंतर मेंदूत एक विशिष्ट उसळी उमटते. तिच्यावरून त्या व्यक्तीचे कार्ड कोणत्या बँकेचे, पिनमधील आकडा कोणता, याविषयीची अनिश्चितता निव्वळ अंदाजाच्या तुलनेत १५ ते ४० टक्क्यांनी घटविता आली. म्हणजे पिन चोरीस गेला असे नव्हे. अंदाज करणाऱ्याचे काम सोपे झाले, एवढेच. तथापि ‘आपला पिन कोणालाही सांगू नका’ असे आपण ग्राहकांना बजावतो, तेव्हा न बोलताही तो अंशतः सांगितला जाऊ शकतो, हे आपल्या ध्यानीमनी नसते.

आक्षेप आणि उत्तरे

या मतावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, अशा शंकाकुशंकांनी एका उपकारक तंत्रज्ञानाची वाट अडेल. नेगल आणि आर्बॉ यांच्यासारख्यांचे काय? माझे उत्तर असे की, त्यांच्यासाठी हा दुवा म्हणजे हात आहे. त्यावर निर्बंध घालण्याचा विचारही मनात येऊ नये. उलट शाखेच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधतो आणि बोलणारे एटीएम बसवितो, त्याच भावनेने समाजाने ही उपकरणे अपंगांना परवडतील असे पाहावे. नेमक्या याच कारणाने गोपनीयतेची अधिक गरज आहे. ज्याला उपकरण बाजूला ठेवणे शक्यच नाही, त्याला ‘अटी मान्य नसतील तर वापरू नका’ असे सांगणे हा क्रूर विनोद ठरेल.

दुसरा आक्षेप माझ्या एका तरुण सहकाऱ्याने घेतला. तो म्हणाला, “मॅडम, त्या पट्ट्याला धड विमान उडवता येत नाही आणि तुम्ही म्हणता तो मन वाचेल!” यात तथ्य आहे. माझ्या मुलाचा ‘एकाग्रता गुणांक’ बहुधा त्या दिवशीच्या गोंगाटाचा आणि नीट न बसलेल्या पट्ट्याचा गुणांक असावा. परंतु यातून धोका कमी होत नाही. जो आकडा चुकीचा असूनही शास्त्रीय दिसतो, तो खऱ्या आकड्याइतकाच परिणाम करतो. माझ्या मुलाच्या प्रश्नाने मला ते दाखविले. शिवाय आज साठविलेला आलेख उद्याच्या पद्धतींनी पुन्हा वाचता येतो. हरवलेले कार्ड आपण रद्द करतो, पिन बदलतो, प्रसंगी खाते क्रमांकही नवा देतो. मेंदूचा नमुना बदलून देणारी खिडकी कोणत्याही शाखेत नाही.

कायदा कोठवर आला?

जग या प्रश्नाकडे हळूहळू वळत आहे. चिली देशाने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूतील माहितीला संरक्षण दिले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या तक्रारीवरून इमोटिव्ह या हेडसेट कंपनीला त्यांची मेंदूविषयक माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. अमेरिकेतील कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया राज्यांनी २०२४ मध्ये अशा माहितीचा समावेश संवेदनशील माहितीत केला. युनेस्कोने नोव्हेंबर २०२५ मध्ये चेतातंत्रज्ञानाच्या नीतिमत्तेविषयीची शिफारस संमत केली.

आपल्या देशात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची योजना आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास प्रतिबंध, संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याचा पर्याय, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. मात्र या अधिनियमात संवेदनशील माहितीचा निराळा वर्ग नाही. दूरध्वनी क्रमांक आणि मेंदूचा आलेख, दोन्ही एकाच ‘व्यक्तिगत माहिती’त मोडतात. आमच्या तिजोरीत लॉकरची किल्ली आणि टाचण्यांची डबी एकाच खणात ठेवली, तर तपासनीस काय शेरा मारील, हे वाचक जाणतातच.

खेळांविषयीही राज्यकर्ते जागे झाले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली आणि अशा खेळांचे व्यवहार बँकांनी पार पाडू नयेत, अशी तरतूदही केली. खेळ आणि बँक यांचा संबंध कायद्यानेच मान्य केला, तर मनाच्या राखणीतही आपल्या व्यवसायाचा अनुभव उपयोगी पडावा.

त्या अनुभवाच्या आधारे मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मेंदूचे संकेत खेळाच्या उपकरणातच वाचले जावेत आणि खेळ संपताच पुसले जावेत. ते कंपनीच्या संगणकांकडे पाठविणे हा नियम नसून अपवाद असावा. दुसरी, त्यासाठीची संमती इतर अटींपासून वेगळी, ग्राहकाच्या भाषेत आणि केव्हाही मागे घेता येईल अशी असावी; ती नाकारणाऱ्याला हाताने खेळण्याची मुभा राहावी. तिसरी, मेंदूच्या संकेतांवरून काढलेला कोणताही गुणांक कर्ज, विमा, नोकरी आणि शाळाप्रवेश यांसाठी वापरण्यास स्पष्ट बंदी असावी आणि ही बंदी बँकांनी कायद्याची वाट न पाहता स्वतःहून स्वीकारावी. चौथी, अशी माहिती सांभाळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला आपल्यासारखेच गोपनीयतेचे प्रतिज्ञापत्र करावे लागावे. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्यांकडून समाजाने शंभर वर्षांपूर्वी जे वचन घेतले, ते दुसऱ्याचे मन सांभाळू पाहणाऱ्यांकडून का घेऊ नये?

आता त्या ई-मेलविषयी. मुलाची सर्व माहिती पुसून टाकावी, असे मी संबंधित कंपनीला लिहिले. दहा दिवसांनी उत्तर आले : नाव, वय आणि पत्ता पुसला आहे, आलेख मात्र निनावी स्वरूपात संशोधनासाठी ठेवण्यात आले आहेत, कारण आपण मान्य केलेल्या अटींत तशी तरतूद आहे. मी त्या अटी तेव्हा प्रथमच वाचल्या. तरतूद होती. चौथ्या परिच्छेदात, स्वच्छ भाषेत. कंपनीने मला फसविले नव्हते. मीच वाचले नव्हते. माझ्या मुलाच्या त्या बारा मिनिटांतील मनाच्या लहरी आज कोठल्या तरी संगणकात नावाशिवाय पडून आहेत आणि त्या परत मिळविण्याचा मार्ग मला सापडलेला नाही.

मुलाला मी सर्व सांगितले, माझ्या चुकीसह. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “पुढच्या वेळी आपण दोघं वाचू. तू इंग्रजी वाच, मी चौकोनावर बोट ठेवतो, पण दाबणार नाही.” विमान उडविण्याची त्याची हौस कायम आहे आणि ती असावी, असेच मला वाटते.

शाखेत मात्र एक बदल झाला आहे. पूर्वी ‘वाचून घ्या’ असे म्हणत असतानाच मी सहीच्या जागेवर पेन्सिलीने फुली करीत असे. आता अर्ज ग्राहकाकडे सरकवते, पेन माझ्याकडे ठेवते आणि ते वाचून मान वर करीपर्यंत थांबते. रांग थोडी लांबते. त्याबद्दल आपण सर्वांनी मला क्षमा करावी.